दूरची लेन्स

८ फेब्रुवारी

ही वही मागच्या वर्षी घेतली आणि आज पहिल्यांदा उघडली. मध्ये वेळ मिळाला नाही असं लिहिणार होतो. पण ही माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही, मग थाप मारायची तरी कुणाला? खरं कारण म्हणजे पेन चांगलं नव्हतं. पेन आजही तेच आहे, पण आज लिहायला काहीतरी आहे.

डोळ्यांचं ऑपरेशन करून घ्यायचं. दोन्ही. फायनल.

माझा नंबर प्लस नऊ. लोक म्हणतात दूरदृष्टीचा चष्मा, म्हणजे लांबचं झकास दिसत असेल. डोंबलाचं झकास! चष्मा काढला की लांबचंही धुकं आणि जवळचंही धुकं, जवळचं जरा जास्त दाट. चष्मा लावला की मला सगळं दिसतं, पण मग लोकांना मी दिसतो. सोड्याच्या बाटलीच्या बुडासारख्या काचा आणि त्यांच्यामागे बशीएवढे डोळे. शाळेत ढापण्या. पॅकिंगच्या कारखान्यात घुबड. पेट्रोल पंपावर तर मालकच म्हणायचा, अरे मधूनमधून डोळे मिटत जा, गिऱ्हाईक दचकतं.

सगळीकडून मीच सोडून आलो. ताई म्हणते, तू एका जागी टिकत नाहीस. मी म्हणतो, जागाच टिकत नाहीत.

९ फेब्रुवारी, दुकानातून

काल मुद्दा राहूनच गेला. पेट्रोल पंपाकडे वळलो की माझं असंच होतं.

मुद्दा हा की मी सध्या भावोजींच्या दुकानात आहे. वर ताई-भावोजींचं घर, खाली दुकान. चषक, ढाली, मेडल्स. भावोजींचा हात थरथरायला लागला तेव्हा ताईने मला बोलावून घेतलं, की चार दिवस नावं कोरायला बस. ते चार दिवस अजून चालू आहेत. मी इथे तात्पुरता आहे हे सगळ्यांना माहीत आहे. निदान मला तरी.

दिवसभर दुसऱ्यांची नावं. प्रथम क्रमांक अमुक. उत्तेजनार्थ तमुक. माणूस लिंबू-चमच्यात पहिला आला तरी त्याचं नाव धातूत. आणि ते कोरणाऱ्याचं नाव पगाराच्या पाकिटावर, तेही पेन्सिलीने.

हात चांगला आहे माझा. तांदळाच्या दाण्याएवढी अक्षरं सरळ येतात. पण त्यात काय? हात आहे, येतात.

११ फेब्रुवारी

बस स्टँडच्या कॅन्टीनमध्ये कप्तान भेटला. खरं नाव विचारायचं राहिलं, सगळे त्याला कप्तानच म्हणतात. जहाजावर असतो. मी इतका वेळ कुणाचं ऐकून घेतल्याचं आठवत नाही. म्हणाला, डेकवर टेहळणीला पोरं लागतात, नुसतं उभं राहून लांब बघायचं. मी म्हटलं, मग मी. तो माझ्याकडे बघून हसला. म्हणाला, लेका, पहिली लाट आली की तुझा चष्मा माशांना. डोळे करून ये, बंदरावर कंपनीच्या ऑफिसात माझं नाव सांग, बाकी माझ्यावर सोड. फोन नंबरही दिला.

चहाचं बिल मी दिलं. माणूस मोठ्या मनाचा आहे, तो देत होता.

आयुष्यात एवढंच आडवं आलं. दोन काचा. नाहीतर मी कुठल्या कुठे असतो.

१४ फेब्रुवारी

घरी सांगितलं. जहाजाचं नाही सांगितलं, नुसतं ऑपरेशनचं. पैसे आईच्या विम्यातले, माझ्या वाट्याचे, त्यामुळे त्यावर कुणी बोलायचं कारण नाही. बाकी सगळ्यावर बोलले.

ताई म्हणाली, चांगलं दिसतंय चष्म्यातून तर डोळ्यांशी कशाला खेळतोस. भावोजी म्हणाले, तुझा चष्मा म्हणजे दुकानाचं भिंग आहे रे. त्यातून तुला अक्षर मोठं दिसतं, म्हणून तर तुझा हात इतका बारीक चालतो.

म्हणजे क्रेडिट चष्म्याचं! माझं काहीच नाही. हेच. हेच मला नको आहे.

१९ फेब्रुवारी

डोळ्यांच्या दवाखान्यात. थांबायच्या खोलीत माशांची पेटी. त्यातला एक मासा कोपऱ्याकडे तोंड करून उभा, हलत नाही, मेलेलाही नाही. त्याच्याकडे बघता बघता माझा नंबर हुकला. पुन्हा शेवटी लागलो.

डॉक्टरबाई कडक. म्हणाल्या, एवढ्या नंबरला लेझर चालत नाही. डोळा आखूड आहे, वरून लेन्स बसवायला आत जागा नाही. एकच रस्ता, आतली स्वतःची लेन्स काढायची आणि तिथे दुसरी ठेवायची. मी म्हटलं, काढा. त्या म्हणाल्या, आधी ऐक. तुझी लेन्स तरुण आहे, लांबून जवळ, जवळून लांब, स्वतःच फोकस करते. नवी तसं करणार नाही. ती एकाच अंतराला पक्की असते. दोन्ही अंतरांची येते, पण तुझ्या नंबरात बनत नाही. तुझ्या वयाला मी सहसा करत नाही. चष्मा वापर, नाहीतर कॉन्टॅक्ट लेन्स वापर.

आणखीही बरंच सांगत होत्या. दारातून मला तो मासा दिसत होता. आता त्याने तोंड फिरवलं होतं.

मी म्हटलं, नोकरीचा प्रश्न आहे. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं. म्हणाल्या, काउन्सेलरशी बोल, मग बघू.

२६ फेब्रुवारी

मोजमापं झाली. मशिनमध्ये हनुवटी ठेवायची आणि लाल ठिपक्याकडे बघायचं. टेक्निशियन सारखा म्हणत होता, हलू नका. मी हलत नव्हतो, खुर्ची हलत होती.

मग काउन्सेलर. साधारण माझ्याच वयाची. समोर कागद. तिने विचारलं, दिवसभर डोळ्यांनी काय काम करता? त्यावरच लेन्स ठरते. लांबचं काम असेल तर लांबची बसवतो, मग जवळचं वाचायला चष्मा लागेल. जवळचं असेल तर जवळची, मग रस्त्यात चष्मा. नीट विचार करून सांगा, आत गेलेली लेन्स काही चप्पल नाही बदलून घ्यायला.

मी म्हटलं, जहाजावर असतो. टेहळणीला.

तिचं पेन थांबलं. मान वर करून म्हणाली, अरे वा!

माझ्याकडे बघून आजवर कुणी अरे वा म्हटलेलं नाही. अरे बापरे म्हटलंय. मग मी लाटांबद्दल सांगितलं. रात्रीच्या दिव्यांबद्दल सांगितलं. कप्तानने सांगितलं होतं ते सगळं, आणि थोडं वरचं. तिने विचारलं, वाचन? बारीक काम? मी म्हटलं, छे, बारीक काम अजिबात नाही, समुद्रावर बारीक असतं काय.

तिने लिहिलं: दूर, दोन्ही डोळे.

हे काही खोटं नाही. थोडं आधी सांगितलं, इतकंच. महिन्या-दोन महिन्यांत खरं होणारच आहे.

५ मार्च

उद्या उजवा डोळा. संकल्प करून ठेवतो:

बरं झाल्यावर रोज पहाटे चालायला जायचं. कप्तानला फोन करायचा (आज केला, उचलला नाही, समुद्रात रेंज नसते). पोहायला शिकायचं. दुकानात नोटीस द्यायची, पण गोड शब्दांत. भावोजींना दुसरा माणूस शोधायला वेळ दिला पाहिजे. तेवढा उदारपणा माझ्यात आहे.

जुना चष्मा कुणाला तरी दान करावा म्हणतो. माझ्या नंबराचा माणूस सापडणं कठीण.

६ मार्च

झालं. दुखलं नाही. डोळ्यावर उजेड, पाण्याखालून वर बघितल्यासारखा, आणि डॉक्टरबाई कुणाला तरी कालच्या भाजीत मीठ जास्त झाल्याचं सांगत होत्या. माझ्या डोळ्यात सुई आणि यांचं मीठ.

ताई बाहेर बसून होती. दुपारचं जेवली नव्हती. मी सांगितलं होतं येऊ नकोस म्हणून.

८ मार्च

पट्टी काढली. देवा!

गच्चीवरून पाण्याच्या टाकीवरचा गंज दिसतोय. पलीकडच्या इमारतीत एक बाई कपडे वाळत घालतेय, तिच्या हातातला चिमटा दिसतोय. निळा आहे! चष्मा नाही, काही नाही, उघड्या डोळ्याने. मी अर्धा तास नुसता लांब बघत उभा होतो. ताई येऊन म्हणाली, रडतोस काय? ड्रॉप्स घातले होते.

जवळचं जरा धूसर आहे. म्हणजे स्वतःचा हात धुरातला वाटतो. ताटातलं काय आहे ते चवीवरून कळतं. हे ऑपरेशनची सूज असणार. आठवड्यात जाईल.

१० मार्च

सूज अजून आहे. फोनवर कप्तानचा नंबर शोधायला ताईची मदत घ्यावी लागली. कोण हा कप्तान, तिने विचारलं. मी म्हटलं, आहे एक.

लागला नाही.

१२ मार्च

आज जे झालं ते मी कधी विसरणार नाही. चूक माझी नव्हती म्हणून लिहून ठेवतो.

दुसऱ्या डोळ्याआधीची तपासणी. ताई माझ्याबरोबर आत आलीच. डॉक्टरबाईंनी लांबचा तक्ता वाचायला लावला. मी शेवटची ओळ वाचली, त्याखाली छापखान्याचं नाव होतं तेही वाचलं. मग त्यांनी हातात एक कार्ड दिलं. कार्ड पांढरं होतं एवढं मी सांगू शकलो. त्या म्हणाल्या, बरोबर आहे, हे असंच राहणार, मी सांगितलं होतं. सूज वगैरे काही नाही. दूरची लेन्स आहे. वाचायला चष्मा करून घे.

तेव्हा ताई मध्ये बोलली. म्हणाली, डॉक्टर, हा नावं कोरतो हो. कपांवर, मेडल्सवर, एवढी एवढी अक्षरं. याला सगळं काम हातभर अंतरावरचं. हा तुम्हाला काय सांगून बसलाय मला माहीत नाही, पण याला जवळचं लागतं.

डॉक्टरबाईंनी कागद बघितला, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, तू तर जहाजावर ना?

दारात ती काउन्सेलर उभी होती, हातात फाइल. तिनेही ऐकलं होतं.

डॉक्टरबाई म्हणाल्या, खरं काय ते आत्ता सांग. अजून एक डोळा हातात आहे. त्यात जवळची बसवू शकते. एकाने लांब, एकाने जवळ, थोड्या दिवसांत मेंदू जुळवून घेतो. पण आज सांग.

ताई माझ्या तोंडाकडे बघत होती. लहानपणी मी परीक्षेला जाताना बघायची तशी.

मी म्हटलं, ताईला यातलं काही कळत नाही. कोरायचं काम मी सोडलेलं आहे. दूरची.

काय करणार होतो? त्या मुलीसमोर मी खोटा ठरायचं? आणि एक डोळा समुद्रात, एक डोळा दुकानात, असा माणूस असतो का कुठे? माणसाने एक काय ते ठरवावं. मी ठरवलं. उलट कौतुक व्हायला हवं होतं.

घरी येताना ताई माझ्या पुढे दहा पावलं चालत होती. मला तिची पाठ अगदी स्पष्ट दिसत होती.

१४ मार्च

डावा डोळा झाला. आज बाहेर भावोजी बसले होते. ताईचं डोकं दुखत होतं म्हणे.

२१ मार्च

दोन्ही डोळे मोकळे. आरशासमोर गेलो तर चेहऱ्याच्या जागी फक्त पुसट डाग. मागे सरकत सरकत बाथरूमच्या बाहेर आलो तेव्हा कुठे मी स्पष्ट झालो.

डोळे एवढेसे आहेत.

इतकी वर्षं काचेमागे बशा होत्या, त्या काचेच्याच होत्या. खाली माझे म्हणून जे आहेत ते बटणांएवढे. आणि बटणांतही काही खास नाहीत. मी हसून बघितलं, भुवया उडवून बघितल्या. कुणीही असू शकतो हा. बस स्टँडवर असे पन्नास भेटतील.

सगळंच लहान झालंय. दाराची मूठ, पेला, ताईचा चेहरा. डॉक्टरबाईंना विचारलं तर म्हणाल्या, तुझा चष्मा मोठं करून दाखवत होता, आता खरा आकार दिसतोय. खरा आकार बघायला कुणी सांगितलं होतं?

वाचायचा चष्मा करून घेतलेला नाही. चष्मा घालवायला ऑपरेशन केलं आणि चष्माच लावू? हे लिहितानाही ओळ दिसत नाही. हात सवयीने चालतो.

२९ मार्च

क्लबवाल्यांचा फिरता चषक आला. चांदीचा, मोठा, गळ्यापासून बुडापर्यंत दरवर्षीच्या विजेत्यांची नावं. वरच्या ओळी फार जुन्या, भावोजींना कोरायला शिकवणाऱ्या त्यांच्या आत्याच्या, मधल्या भावोजींच्या, शेवटच्या माझ्या. दरवर्षी एक ओळ वाढते आणि क्लबचे सेक्रेटरी स्वतः घेऊन येतात, शालीत गुंडाळून, दवाखान्यात बाळ आणावं तसं. या गिऱ्हाइकावर दुकान उभं आहे. यांच्याकडे बघून शाळा येतात, शाळांकडे बघून कंपन्या.

भावोजींनी चषक माझ्या टेबलावर ठेवला आणि वरचा दिवा जवळ ओढून दिला. ते आपला उजवा हात डाव्या हातात धरून उभे होते.

मी म्हटलं, डोळ्यांना विश्रांती सांगितलीय. म्हणाले, बरं. सेक्रेटरींना सांगतो एप्रिल म्हणून.

३ एप्रिल

बंदराला जाऊन आलो. कप्तान फोन उचलत नाही तर आपणच जावं. पूर्ण दिवस प्रवास. खिडकीतून इतकं लांबचं दिसत होतं की माझं उतरायचं ठिकाण मागे गेलं. परत उलटी बस.

कंपनीच्या ऑफिसात एकच माणूस, पंख्याखाली, शर्टाचं वरचं बटण उघडं. मी म्हटलं, मला कप्तानने पाठवलंय. तो म्हणाला, कुठला कप्तान? मी वर्णन केलं. तो इतका हसला की शेजारच्या खोलीतला माणूस बघायला आला. म्हणाला, अरे, तो होय! तो आमच्याकडे जहाजांना रंग मारायचा. शिडीवरून पडला, मग गेला कुठेतरी. जहाज गोदीतून हललं की याला उलट्या.

ठीक आहे. मी म्हटलं, तरी मी आलोय. टेहळणीला. लांबचं विचारा काहीही. खिडकीतून बाहेर एका क्रेनवर लिहिलं होतं ते वाचून दाखवलं. तो म्हणाला, हो का, छान. डोळ्यात लेन्स आहे? मी म्हटलं, आहे, म्हणूनच तर. तो म्हणाला, मग डेकवर नाही घेत आम्ही. कंपनीचा नियम आहे.

मी उठलो तर तो म्हणाला, भांडारात एक जागा आहे. खोक्यांवरची लेबलं वाचायची, याद्या लावायच्या. नजर बारीक लागते. चष्मा चालतो. वाच बरं हे, म्हणून त्याने एक डबा पुढे केला.

मी डबा हातभर लांब धरला. मग टेबलावर ठेवून दोन पावलं मागे गेलो. तो म्हणाला, साहेब, भांडार एवढं मोठं नाहीये.

बरंच झालं. खारा वारा डोळ्यांना वाईट असतो. आणि उलट्यांचं मी धरलंच नव्हतं.

५ एप्रिल

शांतपणे विचार केला. जग फिरायला जहाजच कशाला? आणि सध्या फिरायची घाई तरी काय? इथे हातात कला आहे. भावोजींचा हात गेलेला. दुकान अडलंय माझ्यामुळे. मी परत टेबलावर बसतो म्हटलं तर ते लोक पाय धरतील. मात्र या वेळी माझ्या अटींवर. पाटीवर माझंही नाव.

आज फुटपाथवरून वाचायचा चष्मा घेतला. टोपलीत शंभर होते, डोळ्याला लावून लावून एक निवडला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ तेच करत होते. मला म्हणाले, वडिलांसाठी बघताय का?

११ एप्रिल

ताई-भावोजी बाहेर गेले होते. दुकान बंद. म्हटलं, चषक करून टाकू, आल्यावर दोघांचे चेहरे बघण्यासारखे होतील.

झाले.

चष्मा लावला. कोरणी घेतली. अक्षर दिसलं, पण लहान, माझ्या ओळखीच्या अक्षराच्या निम्मं. आणि एकाच जागी दिसतं. चषक गोल आहे. मधला भाग स्पष्ट, वळला की धूर. पूर्वी चषक फिरवला की नजर त्याच्याबरोबर आपोआप जायची. आता नजर जागेवरच, डोकं पुढे-मागे करायचं. कोंबडीसारखं. पहिली दोन अक्षरं आली. तिसऱ्याला मी डोकं मागे घेतलं आणि हात पुढे गेला.

कोरणी सुटली. बुडापासून वर, सरळ. माझ्या सगळ्या ओळींवरून, भावोजींच्या ओळींवरून, वरच्या जुन्या नावांपर्यंत. एक लांब, चकचकीत रेघ. जवळून मला दिसेना. चषक टेबलावर ठेवून दुकानाच्या दारापर्यंत मागे गेलो. तिथून अगदी स्पष्ट दिसली.

चूक चष्म्याची आहे. फुटपाथवरचा माल.

संध्याकाळी

भावोजींनी चषक हातात घेतला. अंगठा रेघेवरून वरपर्यंत नेला. त्यांचा हात थरथरत होता, पण तो थरथरतोच. मी म्हटलं, पॉलिश केलं तर जाईल. ते म्हणाले, पॉलिश केलं तर नावंही जातील.

मग मी डॉक्टरबाईंबद्दल बोललो, काउन्सेलरबद्दल बोललो, की यांनी माणसाला नीट सांगायला नको का. ताई दारात उभी होती. म्हणाली, तुला सांगितलं होतं. त्या खोलीत मी होते.

एवढंच. आवाजही चढवला नाही. चढवला असता तर मला उत्तर देता आलं असतं.

१४ एप्रिल

सेक्रेटरी येऊन गेले. मी वर होतो. गॅलरीतून त्यांना जाताना बघितलं. चषक शालीत परत घेऊन जातील असं वाटलं होतं, पण हात रिकामे होते. म्हणजे काम आपल्याकडेच आहे. म्हणजे भावोजींनी काहीतरी शब्द दिलाय. माझ्या भरवशावरच दिला असणार, दुसरं आहे कोण?

जेवताना दोघं हळू आवाजात बोलत होते. मी गेलो तसे मिठाचं बोलू लागले.

१६ एप्रिल

डॉक्टरबाईंकडे जाऊन आलो. विचारलं, काढून जवळची बसवता येईल का. म्हणाल्या, येईल कदाचित, पण तुझ्यासारख्या आखूड डोळ्यात पुन्हा शिरायचं म्हणजे आहे तेही जायची भीती. मी करणार नाही. चांगला चष्मा करून घे, सोबत भिंग घे, आणि पुन्हा शिक. हात तुझा आहे ना?

हात माझाच आहे. पण पुन्हा शिक म्हणजे? मी काय शिकाऊ आहे?

काउन्सेलर दिसली. तिने विचारलं, समुद्र कसा आहे? मी म्हटलं, शांत आहे.

१८ एप्रिल

ठरवलं. नीट चष्मा करायचा, भिंग आणायचं, स्क्रॅपच्या पत्र्यावर रोज सराव. तोपर्यंत भावोजी वाट बघतील. बघावीच लागेल. दुकानात दुसरा हात नाही, आणि असा हात बाजारात मिळत नाही. हे भावोजीच एकदा म्हणाले होते. सोमवारी त्यांच्याशी समोरासमोर बोलतो. पाटीवरच्या नावाचा आग्रह सध्या सोडला. मी समजूतदार आहे.

सोमवार, २० एप्रिल, सकाळ

बोलणार होतो, पण भावोजी सकाळपासून आवराआवरीत. माझ्या टेबलाखालचा धातूचा कीस झाडला, दिव्याला नवा बल्ब लावला, खुर्चीवर उशी ठेवली. मला उशी कधी मिळाली नव्हती. म्हटलं, कळलं वाटतं यांना. मुद्दाम काही बोललो नाही, मोठेपणाने गॅलरीत येऊन उभा राहिलो. वही कठड्यावर.

रस्त्याच्या पार टोकाला, वळणावर, एक गाडी थांबलीय. एक म्हातारी उतरतेय. इथून सगळं दिसतंय: कोटाचं एक बटण वेगळ्या रंगाचं, पायात पुरुषी बूट. ड्रायव्हरशी भांडतेय, बहुतेक त्याने पेटी उलटी ठेवली म्हणून. पेटी छोटी, चपटी, पितळी कोपऱ्यांची. तसल्या पेटीत कोरण्या ठेवतात. एक चष्मा नाकावर, एक डोक्यावर सरकवलेला, तिसरा दोरीने गळ्यात.

पत्ता विचारायला थांबली असेल. गिऱ्हाईक असेल.

भावोजी चप्पल न घालताच धावत निघालेत तिच्याकडे. ती त्यांना पेटी देत नाहीये, त्यांच्या हातावर चापट मारतेय. आता त्यांचा उजवा हात उचलून, नाकावरचा चष्मा बदलून, बोटं एकेक करून बघतेय. भावोजी रडतायत. एवढ्या लांबून दिसतंय मला.

ताई जिन्यावरून हाका मारतेय. ह्यांच्या आत्या आल्यात रे! खाली ये आणि टेबलावरचं तुझं सामान काढ, त्या आत्ताच कोरायला बसते म्हणतायत.